हिरवा रंग काय सांगतो?

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तथापि विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की दहावीचा तास अधूनमधून आमच्या वाट्यास येत असे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात कार्बनी संयुगांचा पाठ घेताना आम्ही परीक्षानळीत पोटॅशिअम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण घेतले, विरल सल्फ्युरिक आम्ल घातले, त्यात इथेनॉलचे काही थेंब सोडले आणि नळी गरम पाण्यात धरली. नारिंगी रंग हिरवा झाला. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, मालवणीची दारू अशी नळीत घातली असती, तर विष कळलं असतं का?"

"होय," आम्ही म्हणालो. ते उत्तर चुकीचे होते. वर्ग सुटला, मुले दहावी होऊन पांगली आणि चूक तशीच राहिली. त्यांपैकी अनेकांच्या हाती ही स्मरणिका पडेल, म्हणून तो तास येथे पुन्हा घेत आहोत.

प्रथम, रंग का बदलतो? डायक्रोमेट अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण करते आणि स्वतः क्षपित होऊन हिरव्या क्रोमिअम क्षारात रूपांतरित होते. इथेनॉलचे आधी इथेनॅल होते, पुढे इथेनॉइक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आम्ल. इथेनॅल सुमारे २१ अंश सेल्सिअसलाच उकळते. ते हवे असेल तर तयार होताक्षणी ऊर्ध्वपातनाने बाहेर काढावे लागते. आम्ल हवे असेल तर उभे संघनित्र लावून वाफ पुन्हा पात्रातच परतवीत उकळत ठेवायचे. एकच अभिक्रिया, परंतु कोठे थांबवायची हे उपकरणाच्या मांडणीवर ठरते.

हे घडण्यासाठी ज्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट आहे, त्याच कार्बनवर निदान एक हायड्रोजन असावा लागतो. प्राथमिक अल्कोहोलमध्ये तो असतो, द्वितीयकातही असतो. प्रोपेन-२-ऑलपासून अॅसिटोन मिळते आणि ऑक्सिडीकरण तेथेच थांबते. तृतीयकात तो नसतो, म्हणून नळी नारिंगीच राहते. हे तीन वर्ग ओळखण्यासाठी ल्युकास कसोटी आहे: निर्जल झिंक क्लोराइड व संहत हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणात तृतीयक अल्कोहोल तत्काळ गढूळते, द्वितीयक काही मिनिटांनी, प्राथमिक सामान्य तापमानाला स्वच्छच राहते.

आता आमची चूक. मिथेनॉलही प्राथमिक अल्कोहोल आहे, तेही डायक्रोमेटला हिरवे करते. तेव्हा हिरवा रंग एवढेच सांगतो की ऑक्सिडीकरण होणारे काहीतरी येथे आहे. ते कोणते, हे तो सांगत नाही. मिथेनॉलचा वास इथेनॉलसारखाच, ते तसेच रंगहीन, पाण्यात तसेच मिसळणारे. लाकडाच्या शुष्क ऊर्ध्वपातनातून ते मिळत असे; रॉबर्ट बॉइल यांनी १६६१ मध्ये ते वेगळे केले आणि त्याचे घटक १८३४ मध्ये द्युमा व पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी निश्चित केले. म्हणजे हा पदार्थ हाती आल्यापासून तो नक्की काय आहे हे कळेपर्यंत पावणेदोनशे वर्षे गेली. इतिहासाच्या माणसाला हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

मग आयोडोफॉर्म कसोटी? आयोडीन व सोडिअम हायड्रॉक्साइड घालून कोमट केल्यास इथेनॉल पिवळा अवक्षेप देते, मिथेनॉल देत नाही. येथेही एक खाच आहे आणि ती आम्हाला फार उशिरा उमगली. विषारी दारूत बहुधा दोन्ही असतात. पिवळा अवक्षेप इथेनॉल आहे असे सांगेल. मिथेनॉल नाही असे मात्र मुळीच सांगणार नाही. त्यासाठी निराळीच वाट आहे. नमुन्याचे आम्लयुक्त परमँगनेटने ऑक्सिडीकरण करायचे, उरलेला परमँगनेटचा रंग घालवायचा, नंतर क्रोमोट्रोपिक आम्ल व संहत सल्फ्युरिक आम्ल घालायचे. मिथेनॉलपासून बनलेले फॉर्माल्डिहाइड तेथे असेल तर जांभळा रंग येतो. हे काम प्रयोगशाळेचे. वस्तीत बाटली हाती घेऊन कोणी करू शकेल असे नव्हे.

"उकळून वेगळे करता येईल ना?" असेही मुले विचारतात. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळते, इथेनॉल ७८ अंशांना. तेरा अंशांचे हे अंतर भागशः ऊर्ध्वपातनाच्या उंच स्तंभात पुरेसे ठरते. हातभट्टीच्या पिंपात व नळीत नाही. शिवाय कारखान्यातले मिथेनॉल तयार दारूत नंतर ओतले गेले असेल, तर भट्टीच्या कौशल्याचा प्रश्नच उरत नाही. (इथेनॉल व पाणी तर साध्या उकळण्याने पूर्णतः वेगळे होतच नाहीत, सुमारे ९५.६ टक्क्यांवर दोन्ही एकत्रच उकळतात. उरलेले पाणी चुनकळीने शोषून घ्यावे लागते.)

पाचवे शील आमच्या वसतिगृहात रोज म्हटले जाते. पण पिणारा माणूसही कोणाचा तरी बाप असतो, आणि आमच्या कित्येक मुलांचे बाप बिगारीवर जाणारे. म्हणून पुढचा भाग प्रत्येकाने नीट वाचावा.

परीक्षानळीत जे घडते तेच यकृतात घडते. तेथे डायक्रोमेटऐवजी विकर असते. इथेनॉलचे इथेनॅल होते, मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड व त्यापासून फॉर्मिक आम्ल. हे आम्ल साचते, रक्त आम्लधर्मी करते, दृष्टीच्या चेतातंतूवर घाला घालते. यास वेळ लागतो. पिणारा रात्री झोपतो आणि बारा ते चोवीस तासांनी पोटात कळा, जोराचा श्वास, डोळ्यांपुढे धुके अशी लक्षणे दिसू लागतात. घरचे समजतात, दारू उतरली नाही. त्या वेळी लिंबूपाणी देऊन निजवू नये. तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि काय प्यायले ते न लपवता सांगावे. डॉक्टर त्या विकराला अडवणारे औषध देतात. ते फोमेपिझोल असते किंवा, नवल वाटेल, मोजून दिलेले इथेनॉल. विकर इथेनॉलला आधी धरते, तोवर मिथेनॉल ऑक्सिडीकरणावाचून राहते आणि डायलिसिसने बाहेर काढता येते.