दोघांचा बोर्ड गेम विकायचाय? आधी काउंटरवर शिकवून बघा

दुकानात दोघांनी खेळायचे डोक्याचे गेम ठेवायचा विचार आहे? मग आधी माझी चूक ऐका.

नाशिकच्या माझ्या दुकानात मी नुसता डबा बघून एका महागड्या गेमचे १२ नग उचलले. गिऱ्हाईक विचारायचं, "कसं खेळायचं?" सांगता सांगता मीच अडकायचो. दिवाळी गेली, माल तिथेच, पैसे अडकले.

आता मी तीनच गोष्टी बघतो:

१. नियम दोन मिनिटांत सांगता येतात का?
२. डाव अर्ध्या तासात संपतो का?
३. हरणारा "अजून एक डाव" म्हणतो का?

आपली जुनी नवकंकरी घ्या. पटावर २४ जागा, प्रत्येकाकडे ९ सोंगट्या. आळीपाळीने एकेक मांडायची. आपल्या तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. सगळ्या मांडून झाल्या की रेषेवरून शेजारच्या रिकाम्या जागी सरकवायची. ज्याच्या दोनच उरल्या किंवा ज्याला हलायला जागाच नाही, तो हरला. झाले नियम! फासे नाहीत, त्यामुळे नशिबाला दोष देता येत नाही.

बुद्धिबळही ठेवा. ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्याच नाशिकचे! पण सहा प्रकारच्या मोहऱ्यांच्या चाली नवख्याला काउंटरवर उभ्या उभ्या शिकवता येत नाहीत. तो गेम ज्याला येतो, तोच घेतो.

आजचा होमवर्क: एकच नग आणा. कधीच न खेळलेल्या पाच जणांना शिकवा. तिघांनी दुसरा डाव मागितला, तरच डझनाची ऑर्डर द्या.