सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्टची सोय: खर्च नेमका कशाचा?

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या धंद्यासाठी स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून घेणार असाल, तर कोटेशन मागण्याआधी एक गोष्ट ठरवा: हिशेबाचे नियम प्रोग्राममध्ये पक्के बसवायचे, की बाहेर ठेवायचे? जेकार्ड मागावर नक्षी बदलायची तर पत्ते बदलतात, माग तोच राहतो. स्क्रिप्टची सोय तशीच. सी++ मधला मूळ प्रोग्राम एकदाच तयार होतो. त्यात एका छोट्या भाषेचा इंटरप्रिटर बसवतात आणि तो साध्या फाइलमधले नियम वाचून चालवतो.

गरज आहे का?

22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2,500 रुपयांपर्यंतच्या चादरी-टॉवेलवर 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के जीएसटी आहे. आधी ही मर्यादा 1,000 रुपये होती आणि वरचा दर 12 टक्के. असे नुसते आकडे बदलत असतील तर सेटिंगमधला तक्ता पुरतो. स्क्रिप्टवर पैसे घालू नका. पण एका व्यापाऱ्याला किलोवर दर, दुसऱ्याला डझनावर, तिसऱ्याला रोखीची सूट, अशी हिशेबाची रीतच बदलत असेल, तर स्क्रिप्ट घ्याच.

भाषेचे पैसे

• लुआ: ब्राझीलमध्ये 1993 साली तयार झालेली ही भाषा फुकट आहे. विकायच्या सॉफ्टवेअरमध्येही चालते. परवान्याचा मजकूर तेवढा सोबत द्यावा लागतो. इंटरप्रिटर एक एमबीच्याही आत बसतो.
• पायथॉन: हीही फुकट, पण पसारा मोठा.
• टॅली: यात टीडीएल ही भाषा आधीपासूनच आहे. एका संगणकाचे सिल्व्हर लायसन्स 2025 मध्ये 22,500 रुपये, जीएसटीसह 26,550. काम यातच भागत असेल तर नवे सॉफ्टवेअर कशाला?

कोटेशनमध्ये ‘लुआ लायसन्स’ म्हणून रक्कम दिसली तर ती काढायला लावा.

खरा खर्च मजुरीचा

ही तीन कामे कोटेशनमध्ये वेगवेगळी मागा:

1. जोडणी: वजन, दर, गिऱ्हाईक यांपैकी काय काय स्क्रिप्टला दिसणार? यादी वाढली की दिवस वाढतात.
2. बंदोबस्त: स्क्रिप्टला संगणकावरच्या इतर फाइलींना हात लावता येऊ नये, अडकलेली स्क्रिप्ट आपोआप थांबावी. रकमा पैशांत, पूर्णांकात मोजाव्यात, म्हणजे बिलात पैशा-पैशाचा फरक येत नाही.
3. चाचणी: जुनी बिले नव्या नियमाने पुन्हा काढून ताळा जमवणे.

नमुन्याचा हिशेब: सोय बसवायला बारा दिवस लागले, आणि पूर्वी दोन दिवसांचा बदल आता अर्ध्या दिवसात होऊ लागला, तर दर बदलामागे दीड दिवस वाचतो. आठ बदलांत खर्च वसूल. वर्षाला एखादाच बदल होत असेल, तर हा खर्च टाळा.

लेखी घ्या

नियमांच्या फाइली तुमच्या मालकीच्या राहतील, भाषेची आवृत्ती कोणती आणि ती विचारल्याशिवाय बदलणार नाही, प्रत्येक बदलाची जुनी प्रत जपली जाईल, हे करारात हवे. शेवटचा हप्ता देण्याआधी प्रोग्रामरला तुमच्यासमोर एक नियम बदलून बिल काढायला सांगा. मग मुद्दाम चुकीचा नियम घालायला सांगा. प्रोग्राम बंद न पडता चूक दाखवत असेल, तरच पैसे चुकते करा.