ड्रॅगस्टरची चौकट आणि वेल्डरचा हात

गॅरेज व फॅब्रिकेशनच्या धंद्यातील बांधवांसाठी आज एका वेगळ्याच कामाची माहिती देत आहोत. अमेरिकेत सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, दोन गाड्यांची शर्यत लावतात. तिला ड्रॅग रेसिंग म्हणतात आणि त्यासाठी बनवलेली लांब, सडपातळ गाडी म्हणजे ड्रॅगस्टर. 1950 व 1960 च्या दशकांत तिचे इंजिन पुढे असे. चालक अगदी मागे, डिफरेन्शियलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसे. गलोलीतल्या खड्यासारखा! म्हणून तिला ‘स्लिंगशॉट’ हे नाव पडले.

8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियात डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स शर्यत सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. 1971 मध्ये त्यांनी इंजिन मागे असलेली गाडी उतरवली, ती जिंकू लागली आणि काही वर्षांत जुनी घडण मोठ्या शर्यतींतून मागे पडली. आज हौशी कारागीर तीच गाडी घरच्या गॅरेजात पुन्हा बनवतात व जुन्या गाड्यांच्या खास शर्यतींत पळवतात.

यात खरे काम चौकटीचे. पाईप 4130 क्रोम-मॉली पोलादाचा, पातळ पण चिवट. आधी सपाट, पातळीत आणलेले टेबल तयार करून त्यावर जिग बांधावा. पाईपचे तोंड दुसऱ्या पाईपच्या गोलाईला तंतोतंत बसेल असे कापावे. फट राहिली तर ती वेल्डिंगच्या मालाने भरू नये, तुकडा नवा कापावा. (पाईप महाग आहे, जीव वाटतो, तरीही.) सगळी चौकट आधी टॅक मारून उभी करावी, कर्णाची मापे घ्यावीत आणि मगच जोड पुरे करावेत, तेही एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूने. एका बाजूनेच वेल्डिंग केले तर उष्णतेने चौकट ओढली जाते आणि गाडी सरळ पळत नाही. क्रोम-मॉलीला टिग वेल्डिंगच लागते.

तिथल्या शर्यत संस्थेचा एक नियम मात्र लक्षात घ्यावा. जोड ग्राइंडरने घासण्यास मनाई आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक गुळगुळीत जोड मागते आणि आपणही घासून, रंग मारून देतो. पण घासल्याने जोड बारीक होतो, शिवाय आतली छिद्रे व कच्चेपणा झाकला जातो. हुजूर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरून कोरड्या दिसणाऱ्या धान्याचा आतला ओलावा बोटांना लागला, हा प्रसंग आपण सारे जाणतो. वेल्डरचा ढीग म्हणजे त्याचा जोड.

क्लचभोवती पोलादी कवच हवेच. चालकाच्या पायांमधून फिरणारा दांडाही जाड आवरणात असावा, कारण इथे काही फुटले तर ते थेट पायावर येते. वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून बसवतात. तो रिव्हेटने कायमचा ठोकू नये, पाव फेऱ्यात सुटणाऱ्या स्क्रूंवर बसवावा. चौकटीची तपासणी होते तेव्हा पत्रा काढून प्रत्येक जोड उघडा दाखवावा लागतो.