तेला-तुपाची पारख आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी

रसायनशास्त्राची आवड असलेल्या मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर काय करावे, या चिंतेत असलेल्या पालकांपुढे स्निग्ध पदार्थांच्या विश्लेषणाचे क्षेत्र क्वचितच येते; वस्तुतः खाद्यतेल, दुग्धव्यवसाय, साबण आणि सौंदर्यप्रसाधने या उद्योगांत प्रयोगशाळेने होकार दिल्याशिवाय कच्चा माल आत येत नाही आणि तयार माल बाहेर पडत नाही.

तेल असो वा तूप, त्याची ओळख त्यातील मेदाम्लांवरून, म्हणजे ग्लिसरॉलशी जोडलेल्या लांब कार्बन-साखळ्यांच्या आम्लांवरून, ठरते. या साखळ्यांतील दुहेरी बंध किती आयोडीन शोषतात ते मोजले की आयोडीन मूल्य मिळते. ते खोबरेल तेलात जेमतेम 7.5 ते 10 असते, तर शेंगदाणा तेलात 85 ते 99. तुपातील भेसळीसाठी तर योजनाच वेगळी होती : वनस्पती तुपात तिळाचे तेल मिसळणे कायद्याने सक्तीचे करण्यात आले, त्यामुळे संशयित तुपावर फरफ्युरॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया करून गुलाबी-लाल रंग आला की चोरी उघडी पडे. अशा चाचण्या स्वस्त आहेत आणि आजही उपयोगी आहेत, परंतु कोणते मेदाम्ल किती टक्के, हे त्या सांगत नाहीत.

ते सांगते गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वाफ झालेल्या घटकांना बारीक, लांब नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढून मोजण्याची पद्धत. 2022 पासून तेल आणि स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स मेदाम्लांवर 2 टक्क्यांची मर्यादा आल्याने या यंत्राचे महत्त्व वाढले आहे. मेदाम्ले सहजी वाफ होत नसल्याने प्रथम मिथेनॉलच्या साहाय्याने त्यांची मिथाइल एस्टर बनवावी लागतात, आणि खरी कसोटी तेथेच असते. दुधाच्या स्निग्धांशाची खूण असलेल्या ब्युटिरिक आम्लाचे एस्टर इतके उडते असते की नमुना निष्काळजीपणे तापवून आटवला तर ते निसटते, आणि अस्सल तूप कागदावर भेसळीचे ठरू शकते. यंत्राला ही चूक कळत नाही. ती माणसालाच कळावी लागते.

मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि नागपूरची 'एलआयटी' येथे तेल तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते, तर बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी. रसायनशास्त्र हा मार्गही तितकाच खुला आहे. शासकीय व मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत अहवालावर सही करणारा अन्न विश्लेषक होण्यासाठी मात्र विहित पदवी, अन्न-विश्लेषणाचा अनुभव आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परीक्षा लागते. म्हणून पहिल्याच वर्षी मोठ्या पगाराची अपेक्षा धरणाऱ्या कुटुंबाने हा मार्ग न निवडलेलाच बरा. प्रवेशाच्या वेळी संस्थेत क्रोमॅटोग्राफीचे यंत्र आहे का, एवढेच विचारून थांबू नये (माहितीपत्रकातील छायाचित्रात ते असतेच). पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतः एस्टर तयार करून नमुना त्या यंत्रावर चालवता येतो का, हे तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनच जाणून घ्यावे.