प्रयोगाआधीचा प्रश्न

चि. बाळास,

जनुकांत बदल करणाऱ्या संशोधनात एका प्रश्नाचे उत्तर प्रयोगाआधीच द्यावे लागते: हा बदल बाहेर गेला तर मागे घेता येईल का? चुकलेले मोजमाप पुन्हा करता येते. पण आपली संख्या आपणच वाढवणारा जिवाणू किंवा पुढच्या पिढीत उतरणारा बदल परत बोलावता येत नाही. तुझ्या नव्या प्रयोगशाळेत ‘आधी निकाल येऊ दे, परवानग्या मग बघू’ असे बोलले जाते, ही घरी पोचलेली बातमी या पत्राला कारण झाली.

१९७१ मध्ये हा प्रश्न वेळेवर विचारला गेला. स्टॅनफर्डचे पॉल बर्ग माकडांतील एसव्ही-४० विषाणूचा डीएनए ई. कोलाय जिवाणूत घालणार होते. या विषाणूमुळे हॅमस्टरांना कर्कगाठी होतात, आणि ई. कोलाय माणसाच्या आतड्यात राहतो. बर्ग यांची विद्यार्थिनी जॅनेट मर्ट्झ हिने हा बेत एका अभ्यासवर्गात मांडला. तो ऐकून शास्त्रज्ञ रॉबर्ट पोलॅक यांनी बर्ग यांना फोन करून धोका दाखवला, आणि बर्ग यांनी तो टप्पा लांबणीवर टाकला. १९७४ मध्ये त्यांच्यासह अकरा शास्त्रज्ञांनी असे काही प्रयोग तूर्त थांबवण्याचे जाहीर आवाहन केले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार येथे परिषद भरली. जोखमीप्रमाणे बंदोबस्त वाढवावा आणि प्रयोगशाळेबाहेर जगू न शकणारे दुबळे जिवाणू वापरावेत, असे तिथे ठरले.

थांबल्यामुळे विज्ञान अडले नाही. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात यश आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले. बर्ग यांना १९८० चे नोबेल मिळाले.

हाच प्रश्न टाळल्यावर काय होते, ते नोव्हेंबर २०१८ मध्ये दिसले. चीनमधील संशोधक ह जियानक्वे यांनी जनुक-संपादन केलेल्या भ्रूणांपासून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. एचआयव्हीपासून संरक्षण हा हेतू सांगितला गेला. पण वडिलांकडून होणारा संसर्ग टाळण्याचा सुरक्षित मार्ग आधीच उपलब्ध होता. नैतिक मंजुरीची कागदपत्रे बनावट निघाली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने ह यांना तीन वर्षांचा कारावास आणि तीस लाख युआन दंड ठोठावला. शिक्षेची मुदत संपते. त्या मुलींच्या पेशींतला बदल मात्र जन्मभराचा आहे, आणि त्यासाठी त्यांना कोणी विचारले नव्हते. परवानगी ‘मग’ पाहण्याचा अर्थ हा आहे, आणि अशा बेफिकिरीला हुशारीची सबब चालत नाही.

भारतात १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदलांवर काम करणाऱ्या संस्थेला जैवसुरक्षा समिती असावी लागते. समितीपुढे जाणे अनेकांना वेळखाऊ वाटते. पण परत न घेता येणारे पाऊल कोणते, हे एकट्याच्या नजरेला दिसत नाही. त्यासाठीच चार परक्या नजरा लागतात.

तरुण संशोधकाचा उत्साह हा दोष नव्हे. मर्ट्झ तेव्हा विद्यार्थिनीच होती, आणि तिने बेत मोकळेपणाने सांगितला म्हणूनच धोका वेळेत दिसला. शंका आली की ती त्याच दिवशी गाइडना सांगावी. त्यांनी ऐकले नाही तर समितीकडे जावे. तिथेही कोणी ऐकले नाही तर घरी फोन करावा, रात्र झाली असली तरी. पदवी उशिरा मिळाली तरी घरात कोणाची तक्रार असणार नाही.

— मामा