पाटी दिसली नाही, तरी मर्यादा असतेच
ब्रिटनमध्ये मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्या नवागतांसाठी, इथे मुरलेल्या मराठी घरांतून गोळा केलेलं

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. इथे मात्र पूर्ण परवाना असेल तर मोटरवेवरही मोटारसायकल नेता येते. म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात हात शिवशिवतात. गाडीचा कान पिळण्याआधी एवढं वाचा.

आधी परवाना
इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय परवाना चालतो. मोटारसायकलची नोंद मात्र त्यावर हवी. तो इथल्या परवान्याशी बदलून मिळत नाही. पुढे प्रोव्हिजनल परवाना काढा आणि सीबीटी हे प्राथमिक प्रशिक्षण घ्या. त्यावर लाल ‘एल’ लावून १२५ सीसीपर्यंतची गाडी दोन वर्षं चालवता येते, पण मागे कुणाला बसवायचं नाही आणि मोटरवेवर जायचं नाही.

काटा मैलांत आहे
इथले ३० म्हणजे आपले ४८ किलोमीटर, ६० म्हणजे जवळजवळ ९७. ‘साठनंच तर चाललोय’ हे जुन्या सवयीचं वाक्य गावीच ठेवून या.

रस्त्यानुसार कमाल वेग (ताशी मैल)
- रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब असलेली वस्ती: ३०. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून २०. लंडनच्याही बऱ्याच रस्त्यांवर २० च्या पाट्या आहेत.
- वस्तीबाहेरचा, दुभाजक नसलेला रस्ता: ६०
- दुभाजक असलेला रस्ता: ७०
- मोटरवे: ७०. वरच्या कमानीवर लाल वर्तुळात वेगळा आकडा उजळला, तर तोच कायदा.

जुन्याजाणत्यांच्याही चुका होतात त्या दोन ठिकाणी. वस्तीत ३० ची पाटी पुन्हा पुन्हा लावत नाहीत. दिव्यांचे खांब हीच पाटी. दुसरी चूक पांढऱ्या गोलावरच्या काळ्या तिरक्या पट्टीची. ‘मर्यादा संपली’ असं समजून आमच्यातल्या एकानं गाडी सोडली आणि घरी नोटीस आली. त्या पट्टीचा अर्थ एवढाच की इथून राष्ट्रीय मर्यादा लागू: दुभाजक नसेल तर ६०, असेल तर ७०. लेन मोजू नका, दुभाजक बघा. जायला दोन आणि यायला दोन लेन असूनही मध्ये नुसता रंगाचा पट्टा असेल, तर मर्यादा ६० च.

आकडा म्हणजे आग्रह नव्हे
हीच पट्टी खेड्यातल्या अरुंद, दोन्ही बाजूंनी कुंपणाच्या झाडीनं झाकलेल्या रस्त्यावरही दिसते. वळणापलीकडे ट्रॅक्टर, घोडेस्वार किंवा शेतातला चिखल असतो. कायद्यानं ६० चालेल, वळणाला ३० सुद्धा जास्त होतील. पंगतीतल्या आग्रहाला बळी पडू नका. झेपेल तेवढंच वाढून घ्या.

कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगात गाडी थांबायला २३ मीटर लागतात, ६० ला ७३. वेग दुप्पट झाला की अंतर तिपटीच्या वर जातं. ओल्यात ते निदान दुप्पट धरा, बर्फावर दहापटीपर्यंत. पुढच्या गाडीपासून कोरड्यात दोन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात चार.

इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर भुरभुरतो. रस्ता ओला आहे हेच लक्षात राहत नाही. मॅनहोलची झाकणं, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, ऑक्टोबरातली कुजकी पानं आणि राउंडअबाउटवर सांडलेलं डिझेल यांवर गाडी तिरकी करू नका. हिवाळ्यात सावलीतल्या कोपऱ्यावर बर्फाचा पातळ थर असतो आणि तो डांबरासारखाच काळा दिसतो. अशा सकाळी बसनं जा.

पकडलं गेलं तर
किमान दंड १०० पौंड आणि परवान्यावर ३ पॉइंट. वेग थोडाच जास्त असेल तर कधी कधी त्याऐवजी वर्गात बसायचा पर्याय मिळतो. इथला परवाना नवा असेल, तर पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की तो रद्द होतो आणि सगळ्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. काही रस्त्यांवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक दाबायची युक्ती तिथे चालत नाही.

शेवटचं, आणि आम्हाला उशिरा कळलेलं: पोलिसांचा ‘बाइकसेफ’ नावाचा उपक्रम आहे. मोटारसायकलवरचा पोलीस काही मैल तुमच्या मागून येतो आणि थांबल्यावर काय चुकलं ते सांगतो. पावती फाडत नाही. पहिल्या वर्षीच नाव नोंदवा.