चटणीचा लॅब रिपोर्ट कसा वाचायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत मी लॅब रिपोर्टचा कागद दाखवला, पण घाईत बरंच राहून गेलं. ते इथं निवांत लिहितो. उदाहरण आपल्या घरचंच घेऊ, कांदा-लसूण चटणी. कोल्हापुरात उन्हाळ्यात घरोघरी होते, आणि चार ओळखीच्यांनी मागितली की तिचा धंदा होतो.

माझ्या तिसऱ्या सीझनची गोष्ट. 60 किलो चटणी केली. पहिल्या घाण्यातला एक डबा लॅबला दिला, रिपोर्ट पास. तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका ताईंनी फोटो पाठवला: झाकणाखाली पांढरी बुरशी. शोधलं तेव्हा कळलं, शेवटच्या घाण्याचा लसूण नीट सुकलाच नव्हता. वर आम्ही कांडपावरून आलेली गरम चटणी तशीच डब्यात भरली. वाफ झाकणाला लागली, तिचं पाणी झालं. सगळ्या 60 किलोवर एकच बॅच नंबर, त्यामुळे कुठला डबा चांगला हे सांगता येईना. सगळा माल परत मागवला. त्या सीझनचा नफा तिथंच गेला.

आता रिपोर्टकडे या. फूड सेफ्टी कायदा 2006 चा. त्याखालच्या 2011 च्या पदार्थ-मानकांच्या नियमांत ‘परिशिष्ट ब’ आहे, सूक्ष्मजीवांच्या मर्यादा तिथं दिल्यात. तक्त्यात चार अक्षरं दिसतील: एन, सी, लहान एम आणि मोठा एम. एन म्हणजे एकाच बॅचमधून किती नमुने घ्यायचे. लहान एम म्हणजे समाधानकारक पातळी, मोठा एम म्हणजे कडेलोट. या दोन्हींच्या मधे जास्तीत जास्त किती नमुने चालतील, तो आकडा सी.

समजा एन 5, सी 2, लहान एम 100 आणि मोठा एम 1000 आहे (हे आकडे फक्त समजण्यासाठी, आपल्या पदार्थाचे तक्त्यात बघा). पाच डब्यांचे निकाल आले 40, 60, 90, 300, 700. बॅच पास. तिसराही डबा 100 च्या वर गेला तर नापास. आणि एकच डबा 1200 निघाला, बाकी चार कितीही स्वच्छ असले, तरी नापासच.

साल्मोनेला या जंतूला मात्र सवलत नाही. तिथं सी शून्य. 25 ग्रॅम नमुन्यात तो सापडताच कामा नये.

आता कळलं ना, माझ्या एका डब्याच्या रिपोर्टला काय किंमत होती? निवडून, सजवून पाठवलेला डबा तुमच्या बॅचबद्दल फार काही सांगत नाही.

"तिखटात कुठले जंतू जगतात?" असं बरेच जण विचारतात. जगतात! कोरड्या मसाल्यात साल्मोनेला वाढत नाही, पण महिनोन् महिने टिकून राहतो. गच्चीवर मिरची वाळत घातली, पक्ष्यांनी घाण केली, की आला. रश्शात उकळलं तर मरेल, पण आपण हीच चटणी तेल घालून भाकरीबरोबर कच्ची खातो की! शिवाय खडा मसाला भाजून घेतला, तरी लसूण-कोथिंबीर त्यात नंतर कच्चीच पडते. म्हणून ती स्वच्छ धुवा, पूर्ण निथळून सुकवा, मिरचीवर जाळी टाका, कांडपवाल्याकडे सकाळचा पहिला नंबर लावा.

जंतू मारायला शॉर्टकट शोधू नका. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं काही भारतीय मसाले थांबवले, ते इथिलीन ऑक्साईडमुळे. जंतू मारायला वापरतात तोच हा वायू.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणी किंवा परवाना फॉसकॉस पोर्टलवर मिळतो, 14 अंकी नंबर लेबलवर छापायचा. परवाना असलेल्या उत्पादकाला सहा महिन्यांतून किमान एकदा तपासणी करावीच लागते. छोट्या नोंदणीवाल्यांनीही करावी, असं माझं मत. लॅब एनएबीएलची मान्यता असलेली आणि एफएसएसएआयच्या यादीतली बघा. पैसे भरण्याआधी विचारा, "परिशिष्ट ब प्रमाणे किती डबे लागतील?"

मी आता प्रत्येक घाण्याला वेगळा बॅच नंबर देतो. चटणी परातीत पसरून पूर्ण गार करतो, मगच भरतो. आणि प्रत्येक बॅचचे दोन डबे दुकानात मागं ठेवतो, एक्सपायरी उलटेपर्यंत.